सही करण्यापूर्वी

उन्हाळा लागला की केंब्रिजमधल्या मराठी घरांतून पाहुण्यांची ये-जा सुरू होते, आणि गेली काही वर्षे मी आमच्या ओळखीपाळखीच्या सगळ्यांचा बिनपगारी गाईड झालो आहे. किंग्ज कॉलेजचे चॅपेल, कॅम नदीतल्या सपाट तळाच्या होड्या, मार्केटमध्ये चहा आणि शेवटी सेंट जॉन्स कॉलेज, हा आमचा ठरलेला मार्ग. सेंट जॉन्सच्या दरवाजाशी पोचल्यावर पुण्याकडच्या पाहुण्यांना काही सांगावे लागत नाही. "रँग्लर परांजप्यांचे कॉलेज ना हे?" असे म्हणून ते आपणच कॅमेरा बाहेर काढतात. रघुनाथराव परांजपे १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर जोडीने पहिले आले. सीनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ते कट्टर बुद्धिवादी होते आणि आपण देव मानत नाही हे त्यांनी जन्मभर उघडपणे सांगितले.

याच कॉलेजातून ९८ वर्षे आधी, १८०१ साली, आणखी एक जण सीनिअर रँग्लर झाला होता, हे मात्र पाहुण्यांना सहसा ठाऊक नसते. त्याचे नाव हेन्री मार्टिन. तो ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला, हिंदुस्थानात आला, आणि एकतिसाव्या वर्षी परमुलखात वारला. एकाच कॉलेजचे, एकाच मानाचे दोन मानकरी, एक नास्तिक आणि एक देवासाठी आयुष्य वाहिलेला, ही गंमत मी पाहुण्यांना रंगवून सांगत असे. गेल्या वर्षी मार्केटमध्ये घडलेल्या एका लहानशा प्रसंगानंतर मात्र ती गंमत म्हणून सांगणे मला जड जाऊ लागले. या दोघांत अंतर आहे त्यापेक्षा साम्यच जास्त आहे, असे वाटू लागले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रसंग सांगायचा तर थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो.

या देशात चर्चतर्फे चालणाऱ्या सरकारमान्य शाळा आहेत, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्यांतल्या काही शाळा प्रवेश देताना नियमाने चर्चला येणाऱ्या कुटुंबांना अग्रक्रम देतात. त्यासाठी एक जादा फॉर्म असतो आणि त्यावर चर्चच्या व्हिकरची सही लागते. आमच्या मुलीसाठी आम्हाला अशीच एक शाळा हवी होती. आम्ही जन्माने हिंदू. घरात देव्हारा आहे, मंडळाच्या गणपतीला आम्ही न चुकता हजर असतो, आणि माझ्यापुरते विचाराल तर श्रद्धा आहे की सवय आहे हे मी कधी तपासून पाहिले नव्हते. "हात जोडायचे तर गणपतीपुढे काय नि क्रूसापुढे काय, देव एकच," असे आम्ही नवराबायकोने एकमेकांना समजावले आणि वर्षभर दर रविवारी चर्चला गेलो.

तिथे एक वृद्ध बाई आमच्या शेजारी बसत. मुलीला गाण्याच्या पुस्तकातले पान काढून देत, तिच्यासाठी पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या ठेवत. वर्षअखेर मी व्हिकरसाहेबांपुढे फॉर्म ठेवला. ते म्हणाले, "तुम्ही नियमाने आलात, हे मी आनंदाने लिहीन. का आलात, हे फॉर्म विचारत नाही." त्यांनी सही केली, खाली मी केली. सप्टेंबरात मुलगी शाळेत जाऊ लागली. ऑक्टोबरपासून आम्ही चर्चला गेलो नाही.

पुढे कित्येक महिन्यांनी मार्केटमध्ये भाजी घेताना त्या बाई भेटल्या. त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, "सगळे बरे आहे ना घरी? तुम्ही दिसेनासे झालात तेव्हा वाटले, कुणीतरी आजारी असेल. मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते." मी "कामाचा व्याप" असे काहीतरी पुटपुटलो आणि काढता पाय घेतला. घरी येईपर्यंत मनात एकच गोष्ट घोळत होती. माझ्या खोट्या सहीवर कुणीतरी महिनोन् महिने खरी प्रार्थना करीत होते.

*

इंजिनिअरला काही बोचू लागले की तो मुळाशी जातो. मी या गावाचा इतिहास वाचू लागलो, आणि माझ्या लक्षात आले की माझा फॉर्म इथे काही नवा नव्हता. केंब्रिजने शतकानुशतके असेच फॉर्म भरून घेतले होते.

१९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे पदवी घ्यायची तर आपण चर्च ऑफ इंग्लंडचे आहोत असे लिहून द्यावे लागे. एम. ए. साठी आणि फेलो होण्यासाठी त्या चर्चची ३९ कलमे मान्य असल्याची सही लागे. कॉलेजच्या चॅपेलमधली हजेरी सक्तीची होती, ठराविक वेळी प्रभुभोजनाचा विधीही सक्तीचा होता. बहुतेक तरुण सही करीत, विधीला जात आणि विसरून जात. काही थोड्यांना मात्र ते जमले नाही. इतिहासाने नावे लक्षात ठेवली ती या थोड्यांची.

त्यांतला पहिला चार्ल्स सिमियन. जानेवारी १७७९ मध्ये हा १९ वर्षांचा श्रीमंत, शौकीन मुलगा किंग्ज कॉलेजात आला. आल्या आल्याच त्याला निरोप मिळाला की तीन आठवड्यांनी प्रभुभोजनाला हजर राहायचे आहे. दुसऱ्या कुणी तो निरोप टेबलावर टाकून दिला असता. सिमियन घाबरला. आपण आज जसे आहोत तसे त्या पंगतीला बसणे म्हणजे सैतानाने बसण्यासारखेच आहे, असे त्याला वाटले. तो पुस्तके आणून वाचू लागला, उपास करू लागला, आपल्या चुका आठवून रडला. त्या तीन महिन्यांच्या तळमळीनंतर ४ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी पहाटे, आपले ओझे उतरले असे त्याला जाणवले. सक्तीचा एक पोकळ विधी त्याने खरा मानला, आणि त्यातून त्याचे आयुष्य बदलले.

पुढे तो मार्केटजवळच्या होली ट्रिनिटी चर्चचा व्हिकर झाला. तिथल्या लोकांना तो नको होता. त्या काळी चर्चमधली बाके घराण्यांच्या मालकीची असत आणि त्यांना दारे असत. मालकांनी बाकांना कुलपे लावली आणि स्वतः यायचे बंद केले. ऐकायला आलेली गरीब माणसे मधल्या वाटेत उभी राहत. सिमियनने स्वखर्चाने साधी बाकडी आणून ठेवली, तर ती उचलून बाहेर फेकण्यात आली. हे पुष्कळ वर्षे चालले. तो तिथून हलला नाही. १७८२ पासून १८३६ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ५४ वर्षे, तो त्याच चर्चमध्ये राहिला.

त्याची एक गोष्ट इथे सांगतात. पहाटे चारला उठून प्रार्थना करायचा त्याचा नेम होता, पण झोप अनावर होई. म्हणून त्याने स्वतःला दंड लावला. उशीर झाला तर घरकाम करणाऱ्या बाईला अर्धा क्राऊन द्यायचा. एका सकाळी अंथरुणात लोळताना आपल्या मनात काय चालले आहे ते त्याच्या ध्यानात आले. "ती बिचारी गरीब आहे, तेवढाच तिला आधार होईल," असे म्हणून तो आपल्या आळसाला दानाचा मुलामा देत होता. तेव्हापासून दंड बदलला. पुन्हा उशीर झाला तर सोन्याची गिनी कॅम नदीत फेकायची. म्हणतात की तशी ती त्याने एकदा खरोखर फेकली, आणि पुन्हा उशिरा उठला नाही. "देव एकच" म्हणून स्वतःची समजूत घालणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट वाचून हसूही आले आणि झोंबलीही.

हेन्री मार्टिन या सिमियनचा शिष्य. सीनिअर रँग्लर झाल्यावर त्याला वाटले, हवे होते ते मिळाले, पण हातात आली ती सावली. वकिली करून पैसा मिळवायचा विचार सोडून तो १८०३ मध्ये सिमियनचा साहाय्यक झाला आणि १८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मगुरू म्हणून हिंदुस्थानात यायला निघाला. कंपनीच्या पगारावर आलेल्या पाद्र्याकडे आपण मराठी माणसे सरळ नजरेने पाहू शकत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. १८११ मध्ये इराणला जाण्यासाठी तो कलकत्त्याहून मुंबईला आला तेव्हा त्याच जहाजावर पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून निघालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. पुढे सातच वर्षांत पेशवाई बुडाली. वाटेत मार्टिन गोव्यालाही उतरला होता.

पण मार्टिनची रोजनिशी वाचली की माणूस वेगळा दिसतो. तीत त्याने आपला राग, विद्वत्तेचा अहंकार, घरी मागे राहिलेल्या लिडिया ग्रेनफेल हिच्यासाठी होणारा जिवाचा तळतळाट, प्रार्थनेत लागलेला कंटाळा, सारे काही लिहिले आहे. मायदेशी पाठवायच्या अहवालात शोभेल असे त्यात फार थोडे आहे. बायबलचा नवा करार त्याने उर्दू आणि फारसीत आणला, पण मुन्शींवर आपण कधी चिडलो तेही टिपून ठेवले. १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातल्या तोकात गावी तो वारला. देवाशी जवळीक म्हणजे सदा प्रसन्न चेहरा, अशी माझी समजूत होती. मार्टिनच्या बाबतीत ती जवळीक म्हणजे एक जागा होती, जिथे त्याला कसलाच आव आणावा लागत नव्हता.

*

आता दुसरी बाजू. सही करणे ज्यांना पटले नाही आणि म्हणून ज्यांनी ती केलीच नाही, तेही याच गावातले.

जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर सेंट जॉन्सचाच विद्यार्थी. १८३७ साली तो दुसरा रँग्लर आला. तो ज्यू होता. आपण चर्च ऑफ इंग्लंडचे आहोत असे लिहून देणे त्याला शक्य नव्हते, आणि त्याने ते दिले नाही. पदवी मिळाली नाही. आपण संगणकवाले दिवसातून दहा वेळा 'मॅट्रिक्स' म्हणतो, तो शब्द गणितात आणला या माणसाने, १८५० मध्ये. केंब्रिजने त्याला पदवी दिली १८७२ साली. मधे ३५ वर्षे गेली होती.

हेन्री सिज्विक ट्रिनिटी कॉलेजचा फेलो होता. फेलो होताना त्याने कलमांवर सही केली होती. पुढे त्याची श्रद्धा डळमळू लागली. त्याला विश्वास नको होता असे नाही. उलट, ठेवता आला तर हवाच होता. पण जे आता पटत नाही त्यावर केलेल्या सहीच्या जोरावर पगार आणि मान घेणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटू लागले. स्नेह्यांशी पुष्कळ खल करून त्याने १८६९ मध्ये फेलोपद सोडले. कॉलेजने त्याला जाऊ दिले नाही. ज्याला सही लागत नाही अशी व्याख्यात्याची जागा दिली. त्याच्या राजीनाम्याने धर्मविषयक अटी काढून टाकण्याच्या चळवळीला जोर आला आणि १८७१ च्या कायद्याने बहुतेक पदव्या व पदे सर्व धर्मांच्या, आणि कुठलाही धर्म न मानणाऱ्यांच्याही, आवाक्यात आली. त्याच वर्षी सिज्विकने मुलींसाठी काढलेल्या वसतिगृहातून पुढे न्यूनहॅम कॉलेज झाले.

आमचे परांजपे इथे फेलो होऊ शकले ते या कायद्यामुळे. देव न मानणाऱ्या मराठी तरुणाला खोटी सही करावी लागली नाही, कारण त्याच्या आधी काही माणसांनी खोटी सही करायचे नाकारले होते. मार्टिन आणि परांजपे यांतले साम्य मला दिसले ते इथे. एकाने मनापासून सही केली आणि तिच्यापायी जीव दिला. दुसऱ्याने नाही म्हटले आणि जन्मभर तेच सांगितले. दोघांचेही बोलणे आणि मन यांत फट नव्हती. फट होती ती माझ्या फॉर्मवर.

*

इथवर सारी केंब्रिजची कथा झाली. पण सही करावी की नाही या प्रश्नाची सर्वांत अवघड परीक्षा दिली एका मराठी बाईने, आणि तीही याच देशात. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आल्या. वय २५, नवरा वारलेला, पदरी दोन वर्षांची मनोरमा. वाँटेज गावच्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीत होत्या. अन्न, निवारा, शिक्षण, मुलीचा सांभाळ, सारे काही या लोकांच्या आधारावर. पुण्यात लोक म्हणत होते की ही बाई सोयीसाठी बाटली.

सोयीसाठी बाटलेली बाई पुढे काय करते? आश्रयदाते म्हणतील त्याला मान डोलावते. रमाबाईंनी नेमके उलटे केले. देव एक असून तीन कसा, ख्रिस्त देव कोणत्या अर्थाने, यावर त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद मांडला. जे बुद्धीला पटलेले नाही ते मानते असे म्हणायचे त्यांनी नाकारले. जेराल्डिनना तो गर्व वाटला. रमाबाईंचे म्हणणे असे की एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारून आलेली मी, दुसऱ्याचे जू मुकाट्याने मानेवर घेणार नाही. देवाने मला विवेक दिला आहे, आणि त्याच्याशी खोटे बोलून देवाजवळ जाता येत नाही. जेराल्डिनबाईंचे मोठेपण असे की त्यांनी ही सारी पत्रे, स्वतःला बोचणारीसुद्धा, जपून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती इंग्रजीतच पुस्तकरूपाने काढली, आणि त्यांचे संपादन केले ते अ. भि. शहा या निधर्मी विचारवंताने.

मायदेशी आल्यावर हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला नेले. धर्मप्रसार करणार नाही असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार बंद ठेवीत नसत. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. दिलेला शब्द पाळला जात नाही, ही त्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पण माझा देव मी दाराआड लपवावा ही अपेक्षा मान्य करणे रमाबाईंनाही शक्य नव्हते. दोन्ही बाजूंना प्रामाणिकपणाच हवा होता, आणि तरी बिनसले. इतिहासात असेही होते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती याच्या पुढची गोष्ट. १९०७ साली आपला धर्मानुभव सांगताना रमाबाईंनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. जरा विचार करा. धर्म बदलला म्हणून जिला आप्तांनी, गावाने, वृत्तपत्रांनी छळले, ती बाई मागे वळून सांगते की तेव्हा माझ्याजवळ खरी वस्तू नव्हतीच. विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, देणगीदारांना काय वाटेल, याचा हिशेब तिने केला नाही. स्वतःच्या आधीच्या सहीखाली तिने स्वतःच शेरा मारला. त्यानंतरच्या केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळात टाकलेल्या शेकडो मुलींमध्ये, त्यांचा देव त्यांच्या हाताच्या अंतरावर होता असे वाटते. तिथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंत काम तिथल्याच बायकांचे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.

*

आपण परदेशात आलेली माणसे फॉर्म भरण्यात तरबेज. व्हिसाचा, नोकरीचा, घराचा, नागरिकत्वाचा. कुठे काय लिहिले की काम होते हे आपल्याला बरोबर कळते, आणि मुलांसाठी म्हटले की मन अडतही नाही. आपल्या तुकोबांनी विठोबाशी भांडण मांडले, रुसवे धरले, पण त्याच्यापुढे सोंग आणले नाही. सिमियन काय, रमाबाई काय, वेगळे काही करीत नव्हते. देवाजवळ राहणे म्हणजे फार पुण्यवान असणे नव्हे. निदान एका ठिकाणी तरी खरे बोलणे, एवढेच असावे. मी ख्रिस्ती नाही, आणि होईन असे वाटत नाही. पण हे कळायला मला ख्रिस्ती माणसांची चरित्रे वाचावी लागली.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी एकटाच त्या चर्चला गेलो. प्रार्थना संपल्यावर त्या बाईंच्या शेजारी बसून सांगितले की आमच्या घरी कुणी आजारी नव्हते, आम्ही शाळेसाठी येत होतो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना वाईट वाटले होते, आणि ते त्यांनी लपवले नाही. मग त्यांनी विचारले, मुलीला आता वाचता येते का? मी म्हटले, येते. "मग तिला एकदा घेऊन या," त्या म्हणाल्या, "पाने आता तिची तिला काढता येतील."

व्हिकरसाहेबांनाही मी पत्र लिहिले. सही मागे घेता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मुलीला शाळेतून काढण्याइतके धैर्यही माझ्यात नाही. तिची त्यात काही चूक नाही, असे आम्ही एकमेकांना सांगतो, आणि हे सांगतानाही सिमियनची गिनी आठवते.

यंदा पाहुणे आले की किंग्जच्या चॅपेलमध्ये मी त्यांना छताबरोबर जमीनही दाखवणार आहे. तिथे एका फरशीखाली सिमियन पुरला आहे, आणि तिच्यावर त्याच्या नावाची फक्त दोन अक्षरे आहेत.